मॅग्नेटपासून मोबाइलपर्यंत

पुण्या-मुंबईच्या कुठल्याही सिग्नलला घरपोच खाणं पोचवणाऱ्यांच्या गाड्या पाहाव्यात. हँडलवर मोबाइल आणि त्याला जोडलेली चार्जिंगची वायर. नकाशा, जीपीएस आणि इंटरनेट अखंड चालू ठेवणारा फोन दिवसभर टिकत नाही, आणि फोन बंद पडला की कामही थांबतं. म्हणून तो गाडीच्याच विजेवर चालतो.

ही वीज बॅटरीची, असं बहुतेकांना वाटतं. चालत्या गाडीत मात्र ती तयार होते इंजिनाच्या बाजूच्या झाकणाआड. क्रँकशाफ्टच्या टोकाला कायमचं चुंबकत्व असलेलं चाक बसवलेलं असतं. मेकॅनिक त्याला मॅग्नेट म्हणतात. ते तांब्याच्या कॉइलांभोवती फिरलं की कॉइलांत वीज निर्माण होते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये प्रयोगाने दाखवलेलं तत्त्व ते हेच.

अडचण अशी की हे चुंबक बंद करता येत नाही. इंजिनाचे फेरे वाढले की व्होल्टेजही वाढतं. भार न जोडता मोजलं तर ते पन्नास व्होल्टच्याही वर जाऊ शकतं. त्याला आवर घालतो रेक्टिफायर-रेग्युलेटर. तो एसीचं डीसी करतो आणि व्होल्टेज साधारण १४ ते १४.५ वर धरून ठेवतो. बहुतेक गाड्यांत जास्तीचा प्रवाह तो शॉर्ट करून कॉइलांतच परत फिरवतो आणि त्याची उष्णता होते. या डबीला अॅल्युमिनियमचे पंख असतात ते त्यासाठीच.

या सगळ्यात फोनचा वाटा किती? यूएसबीचे ५ व्होल्ट आणि २ अँपिअर म्हणजे १० वॉट. बाराचे पाच व्होल्ट करताना थोडी वीज वाया जाते, तेव्हा गाडीवर भार पडतो १२ वॉटच्या आसपास, म्हणजे सुमारे एक अँपिअर. हॅलोजनचा साधा हेडलाइट एकटा ३५ वॉट घेतो, आणि एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींवर तो इंजिन चालू असेपर्यंत जळतच असतो.

धावत्या गाडीला हा भार जाणवतही नाही. सिग्नलवर गणित फिरतं. हेडलाइट चालू, ब्रेक दाबलेला म्हणून आणखी २१ वॉट, शिवाय इंडिकेटर लुकलुकतोय. इंजिन मात्र मिनिटाला जेमतेम १२००-१४०० फेऱ्यांवर. मॅग्नेट कमी पडलं की तूट बॅटरी भरते. इंजिन बंद ठेवून फोन लावला तर सगळाच भार तिच्यावर. पाच अँपिअर-तासांची छोटी बॅटरी दोन-अडीच तासांत निम्मी होते, आणि मग सेल्फ मारला की नुसती टिकटिक ऐकू येते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला किकचा आधार होता. इंधन इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल पंपालाही वीज लागते, म्हणून तिथे उतरलेली बॅटरी जास्त छळते.

म्हणूनच वायरिंगकडे दुर्लक्ष करू नये. हेडलाइटची वायर सोलून तिथेच चार्जर जोडायचा आणि वर टेप गुंडाळायची, हा सर्रास चालणारा प्रकार खरोखर घातक आहे. हँडलच्या मानेपाशी वायर सतत घासते. इन्सुलेशन गेलं, तांबं चॅसीला टेकलं आणि मध्ये फ्यूज नसला तर वायर लाल होते, तीही पेट्रोलच्या टाकीखाली. बॅटरीच्या प्लसपासून वेगळी वायर, बॅटरीला लागूनच फ्यूज, आणि चावी फिरवली की चालू-बंद होणारा रिले एवढं केलं की काम भागतं. रिलेचा खर्च टाळू नये. चार्जरमधला व्होल्ट दाखवणारा छोटा दिवा केवळ १० मिलिअँपिअर घेतो, पण गाडी तीन आठवडे उभी राहिली तर तेवढ्यानेही पाच अँपिअर-तास संपतात.

पावसाळ्यात सॉकेटचं रबरी झाकण लावायलाच हवं. ओलावा आणि वीज एकत्र आली की पितळी पिना हिरव्या पडून झिजतात.

साधा मल्टिमीटर गाडीची तब्येत सांगतो. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या पुढे दिसावी, आणि इंजिन चार हजार फेऱ्यांवर नेलं की १४ च्या आसपास. तेव्हाही आकडा तेराखालीच अडकला तर चार्जिंगमध्ये बिघाड आहे. पंधराच्या वर जाऊ लागला तर बहुधा रेग्युलेटर गेलेला असतो. तो बदलेपर्यंत त्या सॉकेटला फोन लावू नये.