नवा दात पिवळा का?

मुलांचे दात : लेखांक ४

दुसरीच्या वर्गात पुढच्या बाकांवरची तोंडं बघा. मधोमध दोन मोठे पटाशीचे दात, कडा करवतीसारख्या, आणि शेजारच्या इवल्या दुधाच्या दातांपुढे हे नवे चक्क पिवळे. आईबाबा इथेच धास्तावतात. खरं तर दुधाच्या दाताचं इनॅमल दाट पांढरं असतं. पक्क्या दाताचं त्याहून पारदर्शक, म्हणून आतल्या डेंटिनचा पिवळसर रंग बाहेर दिसतो. दुधाचे दात पडले की तुलना संपते आणि तक्रारही.

तेव्हा एकसारख्या पिवळ्या झाकेचं काही मनावर घेऊ नका. डाग असेल तर मात्र तो कोणत्या दातांवर आहे आणि दोन्ही बाजूंना आहे का, हे नीट बघा.

एकाच दातावर असेल, तर कारण बहुतेक वेळा त्याच जागी सापडतं. दुधाच्या दाताच्या मुळाशी पू झाला असेल, किंवा मूल दोन वर्षांचं असताना उंबऱ्यावर आपटून दात हिरडीत घुसला असेल, तर खाली घडत असलेल्या पक्क्या दाताला इजा होते. तो तपकिरी ठिपका घेऊन उगवतो, तोवर घरातले ते पडणं विसरून गेलेले असतात.

डावी-उजवीकडे जोडीने पांढऱ्या आडव्या रेषा, खडूसारखे चट्टे किंवा तपकिरी छटा दिसली, तर पाण्यातल्या फ्लोराइडचा विचार करावा लागतो. नाशिक शहराला मुख्यतः गंगापूर धरणाचं पाणी मिळतं आणि धरणाच्या पाण्यात फ्लोराइड सहसा नगण्य असतं. ही तक्रार खरी भूजलाची: यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या काही गावांच्या हातपंपांची आणि बोअरची. पण सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला येणारी माणसं राज्यभरातून येतात. पटाशीच्या पक्क्या दातांचं इनॅमल जन्मानंतर तीन-चार महिन्यांत घडू लागतं आणि चार-पाच वर्षांपर्यंत पुरं होतं. म्हणजे सातव्या वर्षी नाशिकच्या शाळेत दिसणारा डाग आजोळच्या हातपंपाचा असू शकतो. डॉक्टरांनी ‘आधी कुठे राहत होता?’ असं विचारलं, तर ती चांभारचौकशी समजू नका.

हे कोडं जगाला सुटायलाही वेळ लागला. फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य १९०१ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्जला आला, तेव्हा तिथल्या मुलांचे तपकिरी दात पाहून चक्रावला. त्याचा संशय पाण्यावर होता. पाण्यातलं फ्लोराइड मात्र १९३१ साली सापडलं. आपल्या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालतं. घरी बोअरचं पाणी पीत असाल, तर ते एकदा तपासून घ्या. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने किंचित वाढतं.

यावरून कुणी फ्लोराइडची टूथपेस्टच बंद करून टाकतं. तो शुद्ध तोटा आहे. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट द्यावी आणि थुंकायला शिकवावं. मीठ-लिंबू किंवा कोळशाची पूड घासून इनॅमलच्या आतला डाग जात नाही. इनॅमल मात्र झिजतं. लोहाच्या औषधाचे काळे डाग वरवरचे असतात, ते दवाखान्यात साफ होतात. फ्लोराइडचे सौम्य डाग नुसते दिसायला वाईट. मूल मोठं झाल्यावर त्यावर उपाय करता येतात.

घाई करायची ती एकाच बाबतीत. सहाव्या वर्षी मागे येणाऱ्या पहिल्या पक्क्या दाढेवर, आणि बऱ्याचदा पुढच्या एखाद्या दातावरही, काही मुलांत ठळक कडेचा पिवळा-तपकिरी चट्टा असतो. इथे इनॅमल कच्चं राहिलेलं असतं. थंड पाणी झोंबतं, म्हणून मूल त्या बाजूने ब्रश फिरवत नाही, घरचे त्याला आळशी म्हणतात, आणि दाढ चावताना तुकड्यातुकड्याने ढासळते. पंचवटीतल्या महात्मा गांधी विद्यामंदिराच्या दंत महाविद्यालयात किंवा बालदंततज्ज्ञाकडे अशी दाढ लवकर दाखवली, तर वाचवता येते. मुलाला सहावं लागलं असेल, तर आज रात्री बॅटरी घेऊन त्याच्या चारही कोपऱ्यांतल्या दाढा बघा.

(पुढच्या आठवड्यात : सहाव्या वर्षीची दाढ)