दाखवायचे दात

मुलांनो, 'हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे' ही म्हण तुम्हाला ठाऊक आहे. खायचे दात म्हणजे तोंडातल्या दाढा. बाहेर दिसतात ते सुळे. सुळ्याचा सुमारे एक तृतीयांश भाग कवटीत रुतलेला असतो. म्हणून संपूर्ण सुळा हवा असलेला चोर आधी हत्तीला ठार मारतो. 'नुसता कापून का नेत नाहीत?' असे तुम्ही विचाराल, त्याचे उत्तर हे.

आफ्रिकेतल्या हत्तिणींनाही सुळे असतात. भारतात मात्र मोठे सुळे फक्त नरांना, तेही सगळ्यांना नाही. बिनसुळ्याच्या नराला माखना म्हणतात. त्यामुळे इथे शिकारी नेमके नरच टिपतात. केरळमधल्या पेरियारच्या जंगलात १९६९ साली सहा प्रौढ माद्यांमागे एक नर होता. वीस वर्षांनी शंभराहून अधिक माद्यांमागे एक उरला! कळप दिसायला मोठे, पण पिल्ले जन्मेनाशी झाली.

भारतात हस्तिदंताच्या व्यापारावर १९८६ साली बंदी आली, आंतरराष्ट्रीय बंदी १९८९ मध्ये ठरली. पण एवढ्या मोठ्या जंगलात बाहेरच्या टोळीला पायवाट आणि पाणवठा दाखवणार कोण? तिथलाच माणूस. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरे काय! त्याच्या हाती पडतात चार पैसे, खरी कमाई व्यापाऱ्याची. आम्ही पालक बरेचसे संगणकवाले. कुलूप कितीही भक्कम असले तरी आतला माणूस फुटला की काय होते, हे आम्हाला वेगळे सांगायला नको.

१९९६ पासून पेरियारच्या वनखात्याने गावोगावी समित्या स्थापून लोकांशी बोलायला सुरुवात केली. नुसती भाषणे दिली असती तर फारसे काही झाले नसते, असे आम्हाला वाटते. तिथले मन्नान आणि पळियन आदिवासी मिरी पिकवत, पण सावकाराच्या कर्जापायी ती पडत्या भावाने विकत. समितीने त्यांना कर्जातून सोडवले आणि मिरीला योग्य भाव मिळवून दिला. रानदालचिनीची साल चोरणारी तेवीस जणांची एक टोळी होती. वर्षानुवर्षे पोलिसांना चुकवत रानात राहिल्याने चोरवाटा त्यांना तोंडपाठ! त्यांना शिक्षेऐवजी काम दिले गेले. ते पर्यटकांना जंगल दाखवू लागले आणि जाता-येता गस्तही घालू लागले. त्यांनी दिलेल्या खबरींवरून तस्कर पकडले गेले.

२००२ साली तेक्कडीच्या बायकांनी स्वतःची तुकडी उभारली. तिचे नाव वसंतसेना. (पालकांना 'मृच्छकटिक' आठवेल, पण ही निराळी बरे का!) घरचे काम आटोपून पाच-सहा जणींनी रानात फेरी मारायची, रोज, एक पैसाही न घेता. मुख्य राखण चंदनाच्या झाडांची. पण जिथे रोज कुणी ना कुणी फिरते, तिथे सुळ्यांसाठी येणाऱ्यालाही लपणे अवघड जाते.

आता पालकांसाठी. आजीच्या हस्तिदंती बांगड्या किंवा छोटा गणपती अजून काही घरांत असेल. आपण राहतो त्या ब्रिटनमध्ये जून २०२२ पासून, मोजके अपवाद सोडता, जुना हस्तिदंतही विकता येत नाही. वस्तू घरात ठेवायला किंवा मुलीला द्यायला हरकत नाही. भारतातून येताना मात्र अशी वस्तू सामानात घालू नका, आणि तिकडे कुणी 'जुनीच आहे हो' म्हणून विकू लागला तर मुलांच्या देखत नाही म्हणा.