पाण्यातील शेवाळ व रसायनांची विषपरीक्षा

प्राथमिक शाळेच्या परिसर अभ्यासात 'पाणी' हा घटक वारंवार येतो. पाणी दूषित आहे हे ओळखण्याच्या खुणा म्हणून रंग व वास यांचा उल्लेख पाठात होतो. तळ्यात मासे मरून तरंगू लागले म्हणजे पाण्यात विष मिसळले असावे, हेही मुलांस सहज समजते. परंतु मासे जिवंत आहेत, म्हणून पाणी निर्धोक आहे, हे उलट अनुमान बरोबर नव्हे. ज्या जीवांच्या आधारावर मासे जगतात, ते जीव डोळ्यांना दिसत नाहीत व त्यांची हानी झाल्यास ती कोणाच्या ध्यानातही येत नाही. हे जीव म्हणजे पाण्यातील सूक्ष्म शेवाळ होय. एखादे रसायन शेवाळास कितपत अपायकारक आहे, हे प्रयोगशाळेत कसे ठरविले जाते, याची माहिती शिक्षकांस असल्यास 'पाणी' व 'अन्नसाखळी' हे दोन्ही घटक अधिक अर्थपूर्ण रीतीने शिकविता येतील.

शेवाळाचे कार्य

विहिरीच्या पायऱ्यांवर पाय घसरविणारे शेवाळ सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याखेरीज एकाच पेशीचे बनलेले असंख्य शेवाळ पाण्यात तरंगत असते. तळ्याच्या पाण्यास जो हिरवट रंग येतो, तो बहुधा त्यामुळेच. हे शेवाळ सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने आपले अन्न स्वतः तयार करते व ते करताना पाण्यात प्राणवायू सोडते. शेवाळावर पाण्यातील बारीक कीटकसदृश जीव जगतात, त्यांवर लहान मासे आणि लहान माशांवर मोठे मासे. म्हणजे साखळीची पहिली कडी शेवाळ ही आहे.

आता काही रसायने अशी आहेत की, जी माशास फारशी बाधत नाहीत, पण शेवाळास घातक ठरतात. उसाच्या व मक्याच्या शेतात वापरले जाणारे ॲट्राझिन हे तणनाशक वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणात अडथळा आणते. शेवाळ त्याच मार्गाने अन्न तयार करीत असल्यामुळे त्यासही हे रसायन बाधते. दुसरे उदाहरण मोरचुदाचे. द्राक्षांच्या व सुपारीच्या बागांतून फवारल्या जाणाऱ्या बोर्डो मिश्रणात मोरचूद असते. जलाशयातील शेवाळ नष्ट करण्यासाठी मोरचुदाचा उपयोग करावा, असे अमेरिकेच्या कृषिखात्यातील मूर व केलरमन यांनी १९०४ साली सुचविले होते. मोरचुदातील तांब्याविषयी जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे २ मिलिग्रॅम ही मर्यादा सांगितली आहे. परंतु कित्येक जातींच्या शेवाळाची वाढ याहून पुष्कळच कमी तांब्याने खुंटते. माणसास चालणारे पाणी शेवाळास चालेलच असे नाही, हे यावरून स्पष्ट होते.

परीक्षेची रीत

या परीक्षेची सर्वमान्य पद्धती आर्थिक सहकार्य व विकास संघटना या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८१ साली २०१ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत घालून दिली व २००६ साली तिच्यात सुधारणा केली. भारत या संघटनेचा सभासद नाही. तथापि भारतातील मान्यताप्राप्त प्रयोगशाळांचे अहवाल २०११ सालापासून सभासद देशांत ग्राह्य धरले जातात.

परीक्षेसाठी पुष्कळदा राफिडोसेलिस सबकॅपिटाटा या जातीचे शेवाळ घेतात. नॉर्वे देशातील नीटेल्वा नदीतून ओलाव स्कुलबर्ग यांनी १९५९ साली ते वेगळे केले व तेव्हापासून त्याची जोपासना चालू आहे. त्याची पेशी चंद्रकोरीच्या आकाराची असते. हे शेवाळ झपाट्याने वाढते व त्याच्या पेशी मोजण्यास सोप्या जातात, म्हणून ते सोयीचे ठरले आहे.

प्रथम शेवाळास लागणारे क्षार घालून पोषक पाणी तयार करतात. ते काचेच्या शंकुपात्रांत भरून प्रत्येकात मोजके शेवाळ सोडतात. या जातीच्या पेशी आरंभी मिलिलिटरमागे ५,००० ते १०,००० असाव्यात, असा नियम आहे. नंतर रसायनाची किमान पाच निरनिराळी प्रमाणे वेगवेगळ्या पात्रांत घालतात. ही प्रमाणे बेरजेने नव्हे, तर गुणाकाराने वाढत जातात. उदाहरणार्थ, लिटरमागे १, ३.२, १०, ३२ व १०० मिलिग्रॅम. प्रत्येक प्रमाणाची तीन पात्रे असतात. काही पात्रांत मात्र रसायन मुळीच घालीत नाहीत. ही तुलनेची पात्रे होत. त्यांच्यावाचून परीक्षेस अर्थ राहत नाही.

सर्व पात्रे २१ ते २४ अंश सेल्सिअस तापमानात, अखंड प्रकाशात, हलती ठेवून ७२ तास वाढू देतात. दर २४ तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली अथवा यंत्राने पेशींची मोजणी होते. तुलनेच्या पात्रांतील शेवाळ ७२ तासांत निदान सोळापट झाले नाही, तर संपूर्ण परीक्षा रद्द समजतात. कारण निरोगी शेवाळच जेथे वाढले नाही, तेथे इतर पात्रांत वाढ न होण्याचा दोष रसायनास कसा द्यावा? तीन दिवसांचा हा काळ अल्प वाटतो. पण एका पेशीच्या दोन, दोनांच्या चार, चारांच्या आठ व आठांच्या सोळा, अशा चार पिढ्या तेवढ्यात होऊन जातात.

उत्तर कसे काढतात?

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. माशांच्या परीक्षेत किती मासे मेले हे मोजतात. शेवाळाच्या परीक्षेत मेलेल्या पेशी न मोजता वाढ किती खुंटली हे मोजतात. समजा, आरंभी प्रत्येक पात्रात मिलिलिटरमागे १०,००० पेशी होत्या. तुलनेच्या पात्रात त्या १,६०,००० झाल्या, म्हणजे चार वेळा दुप्पट झाल्या. रसायनाच्या पात्रात त्या ४०,००० झाल्या, म्हणजे दोनच वेळा दुप्पट झाल्या. अखेरच्या संख्येकडे पाहिल्यास दुसऱ्या पात्रात पहिल्याच्या चौथा हिस्सा शेवाळ आहे. परंतु वाढीच्या वेगाकडे पाहिल्यास चाराच्या जागी दोन, म्हणजे वेग निम्मा झाला आहे. ज्या प्रमाणाने वाढीचा वेग निम्म्यावर येतो, ते प्रमाण या परीक्षेचे मुख्य उत्तर होय. हे प्रमाण जितके लहान, तितके रसायन शेवाळास अधिक विषारी.

उत्तराच्या मर्यादा

प्रयोगशाळेतील आकडा जसाच्या तसा गावच्या तळ्यास लावता येत नाही. पाणी जड असल्यास अथवा त्यात कुजलेल्या पालापाचोळ्याचा अंश असल्यास तांब्यासारख्या धातूचा विषारीपणा काहीसा कमी होतो. रसायन रंगीत असल्यास ते प्रकाश अडविते, आणि वाढ खुंटते ती विषामुळे की अंधारामुळे, हे वेगळे तपासावे लागते. शिवाय एका जातीस न बाधणारे रसायन दुसऱ्या जातीस बाधू शकते. म्हणून शेवाळ, डाफ्नियासारखे सूक्ष्म जलजीव व मासे, या तिहींच्या परीक्षा एकत्र पाहूनच रसायनाविषयी निर्णय घेतला जातो.

वर्गातील उपयोग

मोरचूद अथवा शेतीचे कोणतेही औषध मुलांच्या हाती देऊ नये. हेच तत्त्व मिठाने दाखविता येते. पाच सारख्या पारदर्शक बाटल्यांत अर्धा-अर्धा लिटर विहिरीचे पाणी घ्यावे. तळ्याचे हिरवट पाणी शिक्षकांनी स्वतः आणून ते प्रत्येक बाटलीत एक-एक कप घालावे. दोन बाटल्यांत मीठ घालू नये. उरलेल्या तीन बाटल्यांत अनुक्रमे अर्धा, एक व दोन चहाचे चमचे मीठ घालावे. बाटल्यांची तोंडे सैल झाकून त्या भरपूर उजेडात, पण कडक उन्हात नव्हे, अशा आठ-दहा दिवस ठेवाव्यात. रोज त्या हलवून पांढऱ्या कागदासमोर धराव्यात व हिरवेपणाची नोंद मुलांकडून फलकावर करवून घ्यावी. मिठाचे प्रमाण वाढेल तसा हिरवेपणा सामान्यतः कमी आढळतो. बिनमिठाच्या दोन बाटल्यांत हिरवेपणा वाढलाच नाही, किंवा त्या दोहोंत मोठा फरक पडला, तर प्रयोग पुन्हा करावा व त्याचे कारण मुलांस विचारावे. पाण्याची चव घेऊ देऊ नये, हात साबणाने धुववावेत आणि अखेरीस बाटल्यांतील खारे पाणी तळ्यात वा झाडांना न घालता गटारात ओतावे.

दुपटीचा हिशेब वरच्या वर्गातील गणितास जोडता येईल. मुख्य लाभ मात्र निराळा आहे. फवारणीचा पंप विहिरीवर वा ओढ्यात धुतला आणि दुसऱ्या दिवशी मासे पोहताना दिसले, म्हणजे काही बिघडले नाही, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. ज्या मुलाने बाटलीतील हिरवेपणा खुंटताना स्वतः पाहिला आहे, ते मूल ही समजूत निमूटपणे स्वीकारणार नाही. आणि घरी पंप धुण्याची वेळ येईल तेव्हा तो जलाशयापासून दूर धुवावा, हे कारणासह सांगू शकेल.