दीड मिनिटाचं विमान

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत. त्यातल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये जगातली सगळ्यात छोटी नियमित विमानसेवा चालते. अंतर 2.7 किलोमीटर. मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टीच सुमारे 3.4 किलोमीटर लांब आहे. म्हणजे तिथलं अख्खं उड्डाण आपल्या एका धावपट्टीत मावतं!

वेळापत्रकात या प्रवासाला दोन मिनिटं दिलेली असतात. प्रत्यक्षात दीड मिनिट पुरतं, वारा पाठीशी असला तर त्याहूनही कमी. विक्रम आहे 53 सेकंदांचा.

अंतरावरून वेळ काढायचं नेहमीचं गणित इथे कोलमडतं. जेट विमानाचा ताशी 800 किलोमीटरचा वेग धरला तर उत्तर येतं 12 सेकंद. खरी सरासरी पडते ताशी 108 किलोमीटर, कारण विमान वर चढून पुरता वेग घेण्याआधीच उतरायची वेळ होते.

तो विक्रम स्टुअर्ट लिंकलेटर या वैमानिकाचा. लोगनएअर कंपनीच्या या मार्गावर त्यांनी 12,000 हून जास्त फेऱ्या मारल्या. आता गंमत पाहा: 12,000 गुणिले 2.7 म्हणजे 32,400 किलोमीटर. पृथ्वीची एक प्रदक्षिणा व्हायला अजून साडेसात हजार किलोमीटर हवेत!

विमान असतं ब्रिटन-नॉर्मन आयलंडर. दोन पंखे, आठ-नऊ प्रवासी आणि एकच वैमानिक. आत मधून चालायला वाटच नाही. बाजूचं दार उघडायचं आणि थेट आपल्या सीटवर बसायचं. सहवैमानिक नसल्यामुळे पुढची सीटही प्रवाशाला मिळते. नशीब जोरावर असेल तर वैमानिकाच्या खांद्याला खांदा लावून बसा आणि समोरचे काटे हलताना बघा. धावपट्टी जेमतेम अर्धा किलोमीटर, पण आयलंडरला तेवढी पुरते. अशाच तोकड्या पट्ट्यांसाठी ते बनवलंय.

हे सगळं पर्यटकांच्या हौसेसाठी चाललंय असं मात्र समजू नका. सेवा 1967 पासून सुरू आहे आणि तिला सरकारी अनुदान मिळतं. पापा वेस्ट्रेची वस्ती शंभराच्याही आत. शिक्षक, डॉक्टर, पेशंट सगळे याच विमानाने ये-जा करतात. समुद्र खवळला की बोटीचा भरवसा नसतो. आपल्याकडे आडगावाला एसटी, तशी त्यांना ही विमानाची फेरी. मला या सेवेचं खरं मोल इथे दिसतं, विक्रमात नाही.

पापा वेस्ट्रे बेट छोटं असलं तरी इतिहासाने श्रीमंत आहे. नॅप ऑफ हॉवर हे तिथलं दगडी शेतघर साडेपाच हजार वर्षांपूर्वीचं, गिझाच्या पिरॅमिडपेक्षाही जुनं, आणि त्याच्या भिंती अजून उभ्या आहेत. ग्रेट ऑक हा उडता न येणारा समुद्रपक्षीही एकेकाळी इथे राहायचा. बेटावरचा शेवटचा ग्रेट ऑक 1813 साली मारला गेला. पुढे ही जातच जगातून नाहीशी झाली.

जायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा. ऑर्कनीतल्याच कर्कवॉल शहरातून पापा वेस्ट्रेला जाणारी काही विमानं थेट जातात. दीड मिनिटाची मजा हवी असेल तर वेस्ट्रेला थांबणारी फेरी नीट बघून निवडा आणि तिकीट लवकर काढा. सीट मोजक्याच असतात.