कुशावर्त कोणी बांधलं?

त्र्यंबकच्या कुशावर्त कुंडात उतरताना पायाखालच्या दगडी पायऱ्या आणि भोवतीच्या कमानीदार ओवऱ्या जरूर नीट बघा. १८व्या शतकात हे काम रावसाहेब पारनेरकरांनी स्वखर्चाने करवलं, असं सांगतात. त्र्यंबकमधलं सिंहस्थ कुंभमेळ्याचं शाहीस्नान होतं ते इथंच! जवळचं त्र्यंबकेश्वराचं मंदिर नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलं. १७५५ ते १७८६, तब्बल ३१ वर्षं काम चाललं. त्या काळी घाट, तळी, धर्मशाळा उभ्या राहायच्या त्या बऱ्याचदा अशा दात्यांमुळेच. आता सिंहस्थाचा मोठा खर्च सरकार करतं. दानधर्मालाही कायदा आला: १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार न्यासांना धर्मादाय आयुक्तालयाकडे नोंदणी आणि हिशेब बंधनकारक आहेत. हे फार चांगलं झालं. तेव्हा मंडळी, देणगी द्या, पावती घ्या आणि हिशेबही हक्काने विचारा.