दाब वाढतो, साठा नाही

पावसाळ्यातली रात्र, दीडचा सुमार. अपघात विभागात एक तरुण आपल्या वडिलांना घेऊन आला. आजोबांना फुप्फुसांचा जुना विकार. ते स्वतः चालत आले, पण सोबत आलेल्या आजींचे हात थरथरत होते. "डॉक्टर, मशीनवर ९३ दिसत होतं. मग एकदम आकडाच गेला, काहीच दाखवेना," मुलगा सांगत होता. आमच्या ऑक्सिमीटरवर आजोबांचा ऑक्सिजन ९३ च भरला, म्हणजे त्यांचा नेहमीचाच. मुलाच्या खिशातल्या मशीनमध्ये आम्ही वॉर्डातले दोन नवे सेल घातले. ते लगेच सुरू झाले आणि त्यानेही ९३ दाखवले. ऑक्सिजन नव्हे, सेल संपले होते.

आजी थोड्या सावरल्या आणि त्यांनी नेमका प्रश्न विचारला. "पण डॉक्टर, टॉर्च आधी मंद होते, मग विझते. हे तर शेवटपर्यंत लख्ख चालत होतं. असं एकदम कसं गेलं?"

घरातली बॅटरीवरची अनेक उपकरणे आज अशीच 'एकदम' जातात. त्याचे कारण त्यांच्या पोटात बसवलेले एक छोटे मंडल, बूस्ट कन्व्हर्टर. नवा सेल दीड व्होल्टचा असतो आणि वापरता वापरता तो एक व्होल्टच्याही खाली उतरतो. उपकरणातील चिपला मात्र ३.३ किंवा ५ व्होल्ट, तेही स्थिर, लागतात. बॅटरीचा हा कमी दाब वाढवून देण्याचे काम बूस्ट कन्व्हर्टर करतो.

ते कसे? नळ जोरात सुरू असताना झटकन बंद केला की पाइप धडधडतो, हे आपण ऐकलेले आहे. वाहते पाणी अचानक अडले की क्षणभर त्याचा दाब टाकीच्या दाबापेक्षाही वर जातो. विजेचे तसेच आहे. तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यातून प्रवाह सोडायचा आणि एकदम तोडायचा. वेटोळे प्रवाह थांबू देत नाही, त्यामुळे विजेचा दाब उसळतो. हे चालू-बंद सेकंदाला हजारो, कित्येकदा लाखो वेळा केले जाते. उसळलेला दाब एका डायोडमधून पुढे ढकलला जातो आणि कपॅसिटरमध्ये साठतो. तिथून उपकरणाला एकसारखी वीज मिळते.

डॉक्टर म्हणून मला यात आपले हृदयच दिसते. डाव्या जवनिकेत रक्त येते ते साधारण १० मिलिमीटर दाबाने, बाहेर पडते ते १२० च्या दाबाने. डायोडच्या जागी महाधमनीची झडप असते, ती रक्त मागे येऊ देत नाही. कपॅसिटरच्या जागी महाधमनीची लवचीक भिंत असते, ती ठोक्याठोक्याने येणारे रक्त अखंड वाहते ठेवते. फरक एवढाच की हृदयाला ही ताकद त्याच्या स्नायूतून मिळते. कन्व्हर्टरकडे स्वतःची ताकद काहीच नसते. तो सगळे त्या सेलमधूनच ओढतो.

इथेच खरी गोम आहे. समजा, उपकरणाला ३.३ व्होल्टवर ५० मिलिअँपिअर लागतात आणि कन्व्हर्टर १०० पैकी ८५ भाग वीज पुढे पोहोचवतो. दीड व्होल्टच्या ताज्या सेलमधून तो सुमारे १३० मिलिअँपिअर ओढेल. तोच सेल एक व्होल्टवर आला की ओढ जवळपास २०० वर जाईल. म्हणजे सेल जितका थकलेला, तितका त्याच्यावर ताण जास्त. थकलेल्या सेलचा अंतर्गत रोधही वाढलेला असतो. शेवटी एका क्षणी त्याला ओढ सोसत नाही आणि दाब कोसळतो. तोपर्यंत पडदा मात्र पहिल्या दिवसासारखाच लख्ख असतो. टॉर्चसारखी सूचना नाही, सूचना फक्त कोपऱ्यातल्या बॅटरीच्या चिन्हाची.

यातून घरासाठी काही साध्या सवयी निघतात. बॅटरीचे चिन्ह लुकलुकू लागले की त्याच दिवशी सेल बदला. सगळे सेल एकदम आणि एकाच प्रकारचे बदला. जुना-नवा जोडला तर जुना सेल आधी संपतो आणि गळू लागतो. भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून बीपीच्या मशीनमध्ये घालू नका. घड्याळाला नाममात्र प्रवाह पुरतो. बीपीच्या मशीनची मोटर कितीतरी जास्त मागते. मशीन बरेच दिवस लागणार नसेल तर सेल काढून ठेवा.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. वीज गेल्यावर वायफायचा राउटर पॉवर बँकेवर चालवण्यासाठी ५ व्होल्टचे १२ व्होल्ट करणारी केबल हल्ली सर्रास मिळते. तीही बूस्ट कन्व्हर्टरच. राउटर चालतो, मग नेब्युलायझर का नाही, असे मला रुग्णांचे नातेवाईक विचारतात. हिशेब करू. १०,००० मिलिअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेत ३.७ व्होल्टचा लिथियम सेल असतो, म्हणजे साठा ३७ वॅट-तास. रूपांतरात थोडी वीज उष्णता होऊन जाते, हाती राहतात तीसच्या आसपास. सहा वॅटचा राउटर त्यावर पाच तास निघेल. पण घरगुती कॉम्प्रेसर नेब्युलायझरच्या मागच्या पट्टीवर बहुधा याच्या कित्येक पट वॅट लिहिलेले असतात, आणि पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर तर तीनशे वॅटच्या पुढे जातो. केबल दाब वाढवून देईल, साठा वाढवणार नाही. एवढी ताकद एका दमात देणेही साध्या पॉवर बँकेला जमत नाही.

म्हणून दम्याच्या रुग्णाने वीज जाण्याची तयारी केबलवर ठेवू नये. स्पेसरसह इनहेलर योग्य रीतीने घेतला तर सौम्य-मध्यम झटक्यात तो नेब्युलायझरइतकाच उपयोगी पडतो आणि त्याला वीज लागत नाही. ती रीत आपल्या डॉक्टरांकडून एकदा समोर करून शिकून घ्या. कॉन्सन्ट्रेटर असेल तर ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर हाताशी हवा. सेलवर किंवा चार्जिंगवर चालण्यासाठीच बनवलेले छोटे नेब्युलायझरही मिळतात. त्यासाठी डॉक्टरांना विचारा.

हेच तत्त्व छातीत बसवलेल्या डिफिब्रिलेटरमध्येही जीव वाचवते. सुमारे तीन व्होल्टच्या बॅटरीतून ते यंत्र काही सेकंदांत सातशे-आठशे व्होल्ट उभे करते आणि भरकटलेल्या हृदयाला धक्का देते. पण प्रत्येक धक्का त्याच छोट्या साठ्यातून जातो. म्हणूनच अशा रुग्णांनी बॅटरीच्या तपासणीची तारीख चुकवू नये. बरे वाटते आहे, हे न जाण्याचे कारण नव्हे.

त्या रात्री आजींना मी एवढेच सांगितले: मशीन कोरे पडले तर आधी आजोबांकडे बघा. बोलताना वाक्य तुटते का, ओठ-नखे निळसर दिसतात का, गुंगी आहे का? यातले एक जरी असेल, तर सेल शोधत बसू नका, थेट दवाखाना गाठा. नसेल, तर सेल बदला आणि पुन्हा मोजा. आजींनी मान हलवली आणि मुलाला म्हणाल्या, "जाताना सेलची दोन पाकिटं घे. एक मशीनपाशी, एक माझ्या उशाशी."