नाव, गाव, पलटण : घरातल्या एका हरवलेल्या माणसाचा शोध कसा घ्यायचा?

पीएचडीच्या तयारीत असलेले ज्युनिअर्स नेहमी एक प्रश्न विचारतात : "विषय मिळेपर्यंत संशोधनाचा सराव कशावर करू?" माझं उत्तर ऐकून बरेच जण हसतात. तुमच्या घराण्यातला असा एखादा माणूस शोधा, ज्याच्याबद्दल घरात फक्त एक वाक्य उरलं आहे. मग ते वाक्य खरं आहे का, ते तपासा.

मी विज्ञानाचा विद्यार्थी. दप्तरं, वह्या, मोडी कागद हे माझ्या अभ्यासक्रमात कधी नव्हतं. पण प्रश्न नेमका करणं, पुरावा तोलणं आणि आपल्याला आवडणाऱ्या उत्तरावर संशय घेणं, हे प्रयोगशाळेत लागतं तसंच इथेही लागतं. शिवाय इथे महागडी उपकरणं लागत नाहीत!

आपल्याकडे सातारा, पुणे, कोल्हापूर आणि कोकणातल्या कितीतरी घरांत एक वाक्य सापडतं : "आमचे एक आजोबा बसऱ्याला गेले, ते परत आलेच नाहीत." आमच्या घरातही आहे. हे माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ. फोटो नाही, पत्र नाही. त्यांच्या बायकोचं नाव तर कुणालाच आठवत नाही, कारण सगळे त्यांना 'बसऱ्याची काकी' म्हणायचे. आजचा लेख याच प्रकारच्या शोधावर आहे.

१. आधी वाक्याचे तुकडे करा

"बसऱ्याला गेले आणि लढाईत मेले" या एका वाक्यात चार दावे आहेत. ते सैन्यात होते. ते मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेले. तिथेच वारले. आणि लढाईत वारले. यातला प्रत्येक दावा वेगळा तपासायचा, कारण प्रत्येकाचा पुरावा वेगळ्या ठिकाणी असतो आणि एक खोटा निघाला तरी बाकीचे खरे असू शकतात.

उदाहरणार्थ, १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत सैनिकही गेले आणि गावंही ओस पडली. घरच्यांच्या लेखी दोन्ही 'लढाईच्या काळातले' मृत्यू. दोन पिढ्यांनंतर त्याचं 'लढाईतला मृत्यू' व्हायला वेळ लागत नाही. कुणी मुद्दाम खोटं बोलत नाही; गोष्ट सांगताना गुळगुळीत होत जाते, इतकंच.

घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारताना "ते बसऱ्याला गेले होते ना?" असं विचारू नका. उत्तर 'हो'च येणार. "त्यांच्याबद्दल काय ऐकलंय, आणि कुणाकडून?" असं विचारा. तीन आत्यांनी एकच गोष्ट सांगितली आणि तिघींनीही ती आजीकडूनच ऐकली असेल, तर तो पुरावा एकच, तीन नव्हेत.

२. पार्श्वभूमी वाचल्याशिवाय दप्तरात शिरू नका

मेसोपोटेमियात सुरुवातीला उतरलेल्या मुख्य तुकडीचं नावच सहावी (पूना) डिव्हिजन होतं. याच डिव्हिजनला तुर्की सैन्याने कूट-अल-अमारा इथे ७ डिसेंबर १९१५ पासून वेढा घातला. उपासमार होऊन २९ एप्रिल १९१६ रोजी जनरल टाउनशेंडने शरणागती पत्करली. आत १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या. कैद झालेल्या हिंदी शिपायांपैकी अनेकांना रास-अल-ऐन भागात रेल्वेच्या कामावर जुंपलं गेलं.

याचा उपयोग काय? घरात कुणी "ते जंगी पलटणीत होते" असं सांगितलं, तर ती १०३ नंबरची पलटण. 'काळी पाचवी' म्हणजे १०५. आणि १९२२ साली सैन्याची पुनर्रचना होऊन हे क्रमांकच बदलले. १०३ ची पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन झाली, ११० ची तिसरी. म्हणजे 'पहिली मराठा' असं घरात सांगत असतील, तर जुन्या यादीत 'पहिली' शोधून काहीच मिळणार नाही.

जिल्ह्यांचंही तसंच. आजचा रायगड तेव्हा कुलाबा होता. कोल्हापूर संस्थान होतं. 'खेड' पुणे जिल्ह्यातही आहे आणि रत्नागिरीतही.

३. नोंद कुणी केली, आणि कशासाठी?

कोणतीही नोंद तुमच्या सोयीसाठी केलेली नसते. ती ज्या कामासाठी केली, तेवढंच ती सांगते.

*राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाची यादी.* ही ऑनलाइन आणि मोफत आहे. यात ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळात वारलेल्यांचीच नावं येतात. नशीब असेल तर नावासोबत हुद्दा, नंबर, पलटण, वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हाही असतो. पण जो जिवंत परतला, तो या यादीत नसणारच. नाव नाही म्हणून 'गेलाच नव्हता' असा निष्कर्ष काढता येत नाही.

*गाव नमुना १४.* गावच्या जन्ममृत्यूची जुनी नोंदवही. परदेशातला मृत्यू इथे मिळेलच असं नाही, पण त्या माणसाचा किंवा त्याच्या मुलांचा जन्म मिळू शकतो. अलीकडे कुणबी नोंदींच्या शोधामुळे या वह्यांचं नाव सगळ्यांच्या तोंडी आलं. जुनी पानं बरीचशी मोडीत असतात. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळत नाहीत, त्यामुळे आडनाव वाचताना घाई नको. पुण्यात मोडीचे वर्ग भरतात. मूळ अक्षरं ओळखू येऊ लागली की पुढचा सगळा सराव.

*फेरफार आणि वारस नोंद.* माझ्या मते हा सगळ्यात दुर्लक्षित कागद. सरकारला माणसात रस नसला तरी जमिनीत असतो. "अमुक मयत, सबब वारस..." एवढ्या एका ओळीतून मृत्यूचा अंदाजे काळ कळू शकतो, आणि विधवेचं नावही येऊ शकतं. घरच्या वंशावळीत जी 'काकी' म्हणूनच उरली, ती इथे स्वतःच्या नावाने भेटण्याची शक्यता असते. काही जिल्ह्यांचे जुने कागद 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवले आहेत. बाकीच्यांसाठी तहसीलच्या रेकॉर्ड रूमची पायरी चढावी लागते.

*तीर्थोपाध्यायांच्या वह्या.* नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथे घराण्यातलं कुणी गेलं असेल, तर उपाध्यायांच्या वहीत भाऊ-मुलांची नावं लिहिलेली असतात. दिवंगतांच्या कार्यासाठी कोण कधी आलं, हेही कळतं.

आणि एक सूचना : पुण्यात आहोत म्हणून थेट पेशवे दप्तरात धाव घेऊ नका. खजिना मोठा आहे, पण १९१४ च्या शिपायासाठी ते दार चुकीचं. आधी प्रश्न, मग दप्तर!

४. आकडा आहे, नाव नाही

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत चावडीजवळ किंवा शाळेत संगमरवरी पाटी दिसते : या गावातून इतके लोक १९१४–१९ च्या महायुद्धात गेले, त्यापैकी इतक्यांनी प्राण दिले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून गेलेल्यांपैकी ४६ जण परतले नाहीत, म्हणून ते 'अपशिंगे मिलिटरी' म्हणून ओळखलं जातं. पण अशा पाट्यांवर बहुधा आकडाच असतो. माणूस नसतो.

बसऱ्याच्या स्मारकाचीही हीच गोष्ट. मेसोपोटेमियात वारलेल्या आणि कबर माहीत नसलेल्या ४०,००० हून जास्त जणांचं ते स्मारक. त्यावर अधिकाऱ्यांची नावं कोरली, आणि साध्या हिंदी शिपायांची पलटणवार फक्त संख्या. २०२१ साली युद्धस्मृती आयोगाच्याच समितीने हा भेदभाव मान्य केला. तिच्या अंदाजाने पहिल्या महायुद्धातले ४५,००० ते ५४,००० मृत, मुख्यतः हिंदी आणि आफ्रिकी, इतरांच्या बरोबरीने स्मरले गेले नाहीत. आणि किमान १,१६,००० जणांचं, कदाचित ३,५०,००० पर्यंत, नावाने स्मरणच झालं नाही.

संशोधक म्हणून यातून काय शिकायचं? नोंद नसणं हीसुद्धा एक माहिती असते. नाव नाही, तर ते हरवलं की कधी लिहिलंच गेलं नाही, हे विचारायचं. दोन्हींची कारणं वेगळी. आणि दार कायमचं बंद असतं असंही नाही. पंजाबमधल्या सुमारे ३,२०,००० सैनिकांची गावोगावची रजिस्टरं लाहोरच्या संग्रहालयात ९७ वर्षं पडून होती. २०२१ मध्ये ती डिजिटल होऊ लागली आणि लोकांना आपले पणजोबा सापडायला लागले.

५. नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला नाही

इथे सगळेच घसरतात. इंग्रजी कारकुनाने 'शिंदे' तीन प्रकारे लिहिलेलं असतं, 'पवार'चं 'पोवार' झालेलं असतं. म्हणून शोध सैल ठेवावा लागतो. पण शोध सैल केला की भलतेच लोकही जाळ्यात येतात. विज्ञानात याला फॉल्स पॉझिटिव्ह म्हणतो.

माझा नियम असा : नाव, वडिलांचं नाव, गाव आणि काळ या चारपैकी किमान तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत, आणि त्यातली एकही ठाम विरोधात जाता कामा नये. आमच्याच भागात एकाच आडनावाचे, एकाच नावाचे दोन तरुण त्या काळात भरती होणं अजिबात अशक्य नाही. एका एक्सेल शीटमध्ये प्रत्येक उमेदवाराला एक ओळ द्या आणि दोन रकाने सक्तीने भरा : 'बाजूने काय' आणि 'विरोधात काय'. दुसरा रकाना रिकामा राहिला, तर समजा की तुम्ही शोधत नाही, शोभेचं काहीतरी जमवताय.

माझ्या शीटमध्ये आज दोन उमेदवार आहेत. दोघांचं नाव जुळतं, तालुकाही जुळतो. एकाच्या नोंदीत वडिलांचं नाव दिलेलं नाही. दुसऱ्याच्या नोंदीतलं गाव आमच्या गावाशेजारचं आहे. घरात घाई सुरू झाली आहे. काकांना घराच्या ओट्यावर पाटी लावायची आहे : नाव, पलटण, मृत्यूची तारीख. "जवळचा वाटतो तो धरून टाक," असं ते म्हणतात.

मी अजून हो म्हटलेलं नाही. शेजारच्या गावातला तो शिपाई आमचा नसेल, तर तो दुसऱ्या कुणाच्या तरी घरचा आहे. त्याच्या घरातही असंच एक वाक्य उरलं असेल. त्यांचा माणूस आमच्या ओट्यावर लावला, तर शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनापेक्षा मी वेगळं काय केलं? त्याने नाव गाळलं, मी चुकीच्या दाराशी नेऊन ठेवलं.

म्हणून सध्या वारस नोंदीचा अर्ज केला आहे. त्यातून कदाचित आजोबांची नाही, पण काकींची गाठ पडेल. खरं सांगायचं तर आता मला तेच जास्त हवं आहे.

तुमच्यासाठी गृहपाठ

या रविवारी घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाजवळ बसा. एका हरवलेल्या नातेवाइकाबद्दलचं वाक्य त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख टाका. त्यातले दावे सुटे करा. प्रत्येकापुढे लिहा : हे खोटं असेल, तर ते मला कोणत्या कागदावरून कळेल?

हा शेवटचा प्रश्न ज्याला लिहिता आला, त्याचं रिसर्च प्रपोजल अर्धं तयार झालं असं समजा.